हितं बाई हितं

मला ‘ळ’ म्हणता येत नव्हता, आणि मला बालवाडी चालवायला दिली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाची फसगत व्हायची नाही.

माझं माहेर खानदेशात, केळीच्या बागांच्या मुलखात. आमच्याकडे केळीला केयी म्हणतात, डोळ्याला डोया आणि शाळेला शाया. ती शायाही माझी पाचवीतच सुटली. आई गेली, पाठची भावंडं लहान. दप्तर खुंटीला टांगलं ते टांगलेलंच राहिलं. पुढे लग्न झालं. आमचे हे रेल्वेत, रुळांची डागडुजी करणाऱ्या गँगमध्ये. भुसावळहून त्यांची बदली मळवलीला झाली आणि मी त्या कोरड्याठाक उन्हातून उठून मावळातल्या पावसात येऊन पडले. काडेपेटी पेटत नसे, चादरी वाळत नसत, आणि दिवसभर बोलायला कुणी नसे. बोलायची भीतीच वाटायची म्हणा ना. दुकानात केळी घ्यायची तर मी नाव घेत नसे, नुसतं बोट दाखवायची. एकदा ‘केयी’ म्हटलं होतं तर दुकानदाराने दोनदा ‘काय?’ विचारलं होतं आणि मागे उभ्या बायका हसल्या होत्या.

अशा बाईला बालवाडी कशी मिळाली? पुण्याहून एक बाई येत असत, समाजकार्य करणाऱ्या. कार्ल्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथे त्यांना बालवाडी काढायची होती, आणि लिहिता-वाचता येणारी बाई जवळपास मिळेना. क्वार्टर्समधल्या शेजारणीने मला पुढे ढकललं. मी आधीच सांगितलं, “पाचवीतूनच सुटले.” त्यांनी शाळेचं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, “गाता येतं का?”

“जात्यावरचं येतं थोडं.”

“मग जमेल तुम्हाला.”

इतकंच. अजून त्यांची आठवण निघाली की हात आपोआप जोडले जातात.

आता हे काम काय असतं ते सांगते. लोकांना वाटतं, बालवाडी म्हणजे पोरं राखायची आणि दुपारी खाऊ वाटायचा. आणि अक्षर म्हटलं की वाटतं, ते डोळ्यांनी शिकायचं. पुण्याच्या बाईंनी मला समजावलं की डोळ्यांची पाळी शेवटी, आधी कान. तीन-चार वर्षांच्या पोराला शब्द म्हणजे एक अख्खं ढेकूळ. ‘भाकरी’ म्हटलं की त्याला भाकरी दिसते. तिच्यात एक भा आहे, एक क आहे, एक री आहे, हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. का असावं? भाकरी खायची असते. ते ढेकूळ फोडायचं तर नुसतं बोलून फुटत नाही, बोलणं फार भरभर जातं. गाण्यात मात्र शब्द ताणावा लागतो, टाळीवर बसवावा लागतो. ताणला की त्याचे सांधे दिसतात. भा, टाळी. क, टाळी. री, टाळी. मग पोर आपल्या हाताकडे बघतं, जणू काही हातातच तुकडा आलाय.

कान तयार झाला की मग राख. चुलीतली राख चाळून पत्र्याच्या ताटात पसरायची, आणि आवाज गात गात बोटाने अक्षर ओढायचं. सूर संपला की रेघ संपली पाहिजे. मध्येच कुणी शिंकलं तर अक्षर उडून जायचं, पण ते पुन्हा काढण्यातही मजा होती.

आमची बालवाडी देवळाच्या सभामंडपात भरे. गावातली शेतकऱ्यांची पोरं खांबाच्या एका अंगाला बसत, वरच्या ठाकरवाडीतून उतरून येणारी दुसऱ्या अंगाला. कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी तशीच बसत. त्यांना एकत्र आणायला मी हजेरीचं गाणं केलं. माझ्या आजीची ओवी म्हणायची जी चाल होती, तिच्यावरच बसवलं:

“कुठे गं कुठे, काशी कुठे?”

की काशीने दोन टाळ्या वाजवायच्या, का आणि शी, आणि म्हणायचं, “इथे बाई इथे!” मग तिने उठून ज्याचं नाव पुढे येईल त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. गाणं संपेपर्यंत खांबाच्या दोन्ही बाजू ढवळून निघत. पोरं मात्र ‘इथे’ म्हणत नसत. मावळात इथेला हितं म्हणतात. सगळा सभामंडप दणाणून उठे, “हितं बाई हितं!” मला ते गोड वाटे. त्यातच पुढे अडचण दडलेली आहे हे तेव्हा कळलं नाही.

ठाकरवाडीच्या पोरांत एक भिमी होती. पुढचे दुधाचे दात नुकतेच पडलेले, आणि त्या खिंडारातून हसायची. सगळ्यांत आधी शब्द फोडायला तीच शिकली. डोंगर उतरताना दिसेल त्याचे तुकडे करत यायची. क-र-वं-द. खे-क-डा. तिची आजी मला म्हणाली, “बाई, काय येड लावलं पोरीला? चुलीवर भात ठेवला तरी टाळ्या वाजवती. भा-त, भा-त. शिजंल का तो टाळीनं?”

पावसाळा जवळ आला तसं मी भिमीच्या बापाला, लखूला, विचारलं की यंदा तिला गावच्या शाळेत घालणार ना?

तो उकिडवा बसला होता, जमिनीकडे बघत बोलला. “बाई, थोरली धाडली व्हती ना, सोनी. बिगरीत मागं बसून ऱ्हायली. त्वांड उगाडलं न्हाई. गुरुजी म्हनले, पोरगी मुकी हाय का? आन घरी बगा, डोंगार डोक्यावर घेती!”

बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. वाडीवरची पोरं त्यात बसत आणि बहुतेक तिथूनच गळून जात.

“मग भिमीचं काय?”

“हिला गुरुजींनी पयलीत घेतली तर ऱ्हाऊ दे म्हातारीजवळ. बिगरीतच बसायचं आसंल तर दिवाळीनंतर आमच्यासंगं भट्टीवर यिऊ दे. सोनी आता ईटा उचलती. धाकल्याला कोन सांबाळनार?”

सुगी आटोपली की म्हाताऱ्यांना वाडीत ठेवून ही माणसं घाट उतरून वीटभट्ट्यांवर जात, ती थेट पुढच्या उन्हाळ्याअखेरीस परत येत. लखू काही वाईट बोलत नव्हता. एका पोरीचा अनुभव घेऊन झाला होता त्याचा. पण तेव्हापासून मला घोर लागला. भिमी पहिलीत बसली तर शिकेल, नाही तर वीटभट्टीवर भावाला कडेवर घेऊन उभी राहील. आणि मधे होते मी, पाचवी नापास म्हणा की पाचवी अर्धी म्हणा, जिला शाळेला शाळा म्हणता येत नव्हतं.

मी भिमीची अक्षरं पक्की करायला घेतली. क झाला, भ झाला, म झाला. मग इ. तक्त्यावर इ-जवळ इमारतीचं चित्र होतं. इमारत कुणी पाहिलेली नव्हती. पोरं त्याला टेसन म्हणत. मी विचार केला, पोरांना सगळ्यांत पाठ असलेला शब्द कोणता? हजेरीतला ‘इथे’. तोच घेऊ.

मी राखेत इ काढला. भिमीने त्यावर बोट ठेवलं आणि गात ओढायला लागली, “हि... हि... हितं.”

“हि नाही गं. इ. इथे.”

“हितं.”

“इथे. नीट ऐक. इ-थे.”

“हि-तं.” दोन टाळ्या बरोबर दिल्या तिने.

मी अजून एकदा म्हणायला लावलं. मला गुरुजी दिसत होते, लखू दिसत होता. माझा आवाज चढला असावा. भिमीने राखेतून बोट काढलं, फ्रॉकला पुसलं आणि ओठ मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी गायले, “कुठे गं कुठे, भिमी कुठे?” उत्तर नाही. माझ्या समोर बसलेली होती.

गावातला बाळू ओरडला, “बाई, ती काय हितं बसलीया की!”

“अगं मग बोल ना, भिमे.”

नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. रोज यायची, बसायची, टाळीसुद्धा देईना. शेवटी तिची आजी मला ओढ्यापाशी भेटली. म्हणाली, “घरी बी गप गप आसती. इचारलं तर म्हनती, आजे, माजं त्वांड चुकतंया.”

अक्षर चुकलं असं नाही म्हणाली ती. तोंड चुकतंय म्हणाली. मला एकदम दुकान आठवलं, केळीकडे दाखवलेलं माझं बोट आठवलं. सोनी मुकी का झाली असेल तेही कळलं.

मग काही दिवस मी शिकवायचं सोडून पोरांचं बोलणंच ऐकत बसले. पुस्तकात ‘आम्ही’, ‘तुम्ही’ असतं, ही पोरं म्हणतात आमी, तुमी. तिथला ह गेला. आणि पुस्तकात ‘इथे’ असतं, तर ही म्हणतात हितं. म्हणजे मावळात ह हरवत नाही, नुसता जागा बदलतो. भिमीचा कान चुकला नव्हता. तिच्या घरी जो आवाज होता तोच तिने अचूक पकडला होता. मी तिला कान द्यायला शिकवलं आणि तिने कान दिला तर रागावले.

सोमवारी हजेरीच्या आधी मी पोरांना म्हटलं, “मला एक शब्द म्हणता येत नाही.”

“कोंचा, बाई?”

“ते पिवळं असतं, सोलून खातात.”

“केळं!”

“केयं.”

मग जो काय हसण्याचा लोंढा आला! “म्हना, बाई, परत म्हना! साळा म्हना!”

“शाया.”

“डोळा म्हना!”

“डोया.”

बाळू गडाबडा लोळायला लागला. “बाई बोबडी हाय! बाई बोबडी हाय!”

“बोबडी नाही रे. माझ्या घरी असंच म्हणतात. माझी आई मला असंच म्हणायची, ‘डोये मीट अन् झोप.’ ते माझं घरचं आहे. पुस्तकातलं वेगळं असतं.”

भिमी हसत नव्हती. माझ्याकडे टक लावून बघत होती. बघता बघता उठली, माझ्यापुढे येऊन उभी राहिली, तोंडाचा आ केला आणि बोट आत घालून टाळूला लावलं.

“जीब वळवा, बाई. हितं लावा. हितं.”

किती दिवसांनी बोलली होती! मी जीभ वळवली. य आला. “आजून मागं,” भिमी म्हणाली. “हितं वो, हितं.” सगळी पोरं आ करून आपापल्या टाळूला बोटं लावून मला दाखवत होती. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, गावात दातदुखीची साथ आलीय.

मग ती हळूच म्हणाली, “बाई, हितं हे आमचं घरचं हाय?”

“हो.”

“चुकीचं न्हाई?”

“घरचं कसं चुकीचं असेल गं? घरात घरचं बोलायचं, पुस्तकापुढे पुस्तकातलं.”

त्याच दिवशी गाणं झालं. अर्धं मी केलं, अर्धं पोरांनी.

“घरात हितं, पुस्तकात इथे,
घरात कुटं, पुस्तकात कुठे,
आमची साळा, बाईची शाया,
दोन्ही जोडून शाळेत जाया!”

शेवटची ओळ खरीच होती. पोरांच्या साळेत श नव्हता, माझ्या शायेत ळ नव्हता. दोघांची मिळून एक शाळा होत होती.

आणि इमारतीचं काय, तर भिमीच्या आजीने ते सोडवलं. ती पावसात पानांचं इरलं पाठीवर घेऊन नातीला न्यायला आली, ते खांबाला टेकवून ठेवलं. मला इरलं हा शब्दच माहीत नव्हता. आमच्याकडे कुठला आलाय एवढा पाऊस! आजीने नाव सांगितलं आणि भिमी लगेच टाळ्या वाजवायला लागली, “इ-र-लं! बाई, ह्यो बगा तुमचा इ! आमच्या घरीच व्हता!”

शाळेत नाव घालायच्या दिवशी धो धो पाऊस होता. मी भिमीबरोबर गेले. भिमी डबकी शोधत चालली होती. लखू पडवीतसुद्धा चढला नाही, बाहेर इरल्याखाली उभा राहिला. सोनी धाकट्याला कडेवर घेऊन खिडकीशी.

गुरुजी मावळातलेच, वयस्कर, चष्मा दोऱ्याने बांधलेला. आवाज मोठा पण माणूस मऊ. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. त्यांनी पुस्तक उघडलं आणि नेमकं इमारतीच्या पानावर बोट ठेवलं.

“हे काय आहे, बाळ?”

“टेसन,” भिमी म्हणाली.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक पिळत होते.

“मग टेसनाचं हे अक्षर कुठलं?”

“टेसनाचं न्हाई,” भिमी म्हणाली. “आक्षर इरल्याचं हाय. चित्रच टेसनाचं काडलंया.”

गुरुजींच्या मिशा हलल्या. “बरं. इरल्याचा इ. ह्या इचा आणखी एक शब्द सांग बघू.”

भिमी थांबली. खिडकीबाहेर सोनीने धाकट्याला घट्ट धरलं. मला वाटलं, झालं. मिटले ओठ. ही आता बिगरीत मागे जाऊन बसणार, आणि दिवाळीनंतर...

मग भिमीने मान वर केली. “गुरुजी, घरचं सांगू का पुस्तकातलं?”

“म्हणजे गं काय?”

“घरचं हितं. पुस्तकातलं इथे. इ पुस्तकातल्यात हाय. घरच्यात ह हाय.” आणि खात्री पटावी म्हणून दोन्हींच्या दोन-दोन टाळ्या वाजवून दाखवल्या.

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. पुसतच राहिले. मग ज्या आवाजात ते वर्गात कधी बोलत नसावेत त्या आवाजात म्हणाले, “आमच्या आईचं बी हितंच व्हतं.” आणि बाहेर बघून हाक मारली, “लखूभाऊ, वर ये की पडवीत. पोरीचं नाव सांग पुरं. पहिलीत लिहितोय.”

लखू वर आला. नाव सांगितलं, आणि हळूच मला विचारलं, “आन पोराचं काय, बाई?”

“दिवाळीपर्यंत चालायला लागेल. दिवसा माझ्याकडे बसेल. रात्री आजी आहे, भिमी आहे.”

“येवडुसं पोर बालवाडीत?”

“टाळ्या वाजवील.”

लखूने शब्द पाळला. दिवाळी झाली, भात निघालं, आणि एका सकाळी वाडीतली माणसं डोक्यावर बोचकी घेऊन उतरली. हजेरी चालू होती. सोनी सभामंडपाच्या पायरीशी आली, धाकट्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्याची मूठ आपल्या केसांतून सोडवत राहिली. तिच्यासाठी माझ्याजवळ काही नव्हतं. तिचं वय उलटून गेलं होतं, आणि मी या गावात आले तेव्हा ती बिगरीतून परतलीही होती. हे सगळं खरं, पण त्याने समाधान होत नाही, अजून होत नाही. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी तिचंही नाव हजेरीत घातलं.

“कुठे गं कुठे, सोनी कुठे?”

पोरं तिच्याकडे वळली. सोनीने खाली पाहिलं. दोन टाळ्या वाजवल्या, अगदी हलक्या, सो आणि नी. “हितं,” म्हणाली. आणि लगेच वळून आईबापाच्या मागे चालायला लागली.

भिमी पुढे सातवीपर्यंत शिकली. मी त्या सभामंडपात खूप वर्षं शिकवलं, आणि आता लोणावळ्यात असते. माहेरी गेले की भाऊ चिडवतो, “ताई, तू तं आता ‘शाळा’ म्हनते. मावळातली झाली तू.” ऐकून बरंही वाटतं आणि जरा रितंही. आईच्या ‘डोये मीट’ची आठवण येते तेव्हा मुद्दाम जीभ सैल सोडून म्हणून बघते. येतं अजून.

पण मी मावळातली झाले ती त्याच्या फार आधी, त्याच दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी. शाळा सुटल्यावर भिमी रोज धाकट्याला न्यायला यायची, आणि निघण्याआधी बाई-बाई खेळायची. मला खाली पोरांत बसवायची, स्वतः माझ्या जागी. त्या दिवशी तिने सगळ्यांची नावं घेतली. धाकट्याचंही घेतलं, आणि त्याने दोन्ही हात हवेत मारले, टाळी काही लागली नाही. मग तिने माझ्याकडे बघून सूर लावला:

“कुठे गं कुठे, बाई कुठे?”

मी टाळ्या वाजवल्या. बा, ई. पुस्तकातलं म्हणावं की घरचं, असा विचार करायलाही वेळ मिळाला नाही. तोंडातून निघून गेलं, “हितं बाई हितं!”